बाईंची ओळ

(रेकॉर्डिंग स्टुडिओ. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्ट, पलीकडे सॅक्सोफोन मांडीवर घेऊन बसलेला वादक. दिवंगत गायिकेची लेक नुकतीच आली आहे.)

रेकॉर्डिस्ट : ऐकलंत ना? आता तुम्हीच सांगा ताई, यात तुमच्या आईचं गाणं कुठंय?

लेक : मला वाटलं, मधेमधे आवाजच जातोय.

रेकॉर्डिस्ट : आवाज कुठला जातोय, हा गप्प बसतोय. ओळ आली की गप्प, ओळ संपली की वाजवतो. सगळ्या गाण्यांत हाच प्रकार. बाईंची गाणी सॅक्सोफोनवर वाजवायची, अल्बम त्यांच्या आठवणीचा, आणि त्यात बाईंची एक ओळ नाही.

वादक : मुद्दाम नाही रे करत. फुंकच निघत नाही.

रेकॉर्डिस्ट : मघाशी चहा गार करायला बरी निघत होती.

लेक : काका, खरं सांगा, काय होतंय?

वादक : अगं, जन्मभर बाईंच्या डाव्या हाताला उभा राहिलो. त्या गात असल्या की मी वाद्य तोंडाशी नेत नसे. त्यांची ओळ संपायची, मग माझे चार सूर. अजूनही ओळ आली की थांबायलाच होतं. वाटतं, बाई गाताहेत.

लेक : आई आता नाहीये, काका.

वादक : कळतं गं. पण त्यांच्या जागी मी जाऊन उभं राहायचं? जिवावर येतं.

रेकॉर्डिस्ट : संध्याकाळी कंपनीचा माणूस येतोय. हे असलं ऐकवलं तर उद्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. तो झकास वाजवेल, पण त्याने बाईंना पाहिलेलंसुद्धा नसेल.

वादक : वाजवू दे त्याला. मी घरी जातो.

लेक : बसा तुम्ही. या अल्बमला मी हो म्हटलं ते तुम्ही वाजवणार म्हणून. आई घरात काय गुणगुणायची, माहितीये?

वादक : आपलीच गाणी, दुसरं काय.

लेक : छे. स्वतःची ओळ घरात कधी नाहीच. कपडे वाळत घालताना, माझी वेणी घालताना, सगळं तुमचं. ते ओळींच्या मधलं. मी त्यालाच गाणं समजायचे. शाळेत म्हणून दाखवलं, तर वर्ग हसला.

वादक : माझं? बाई?

लेक : मी वैतागून म्हटलं, आई, नीट गाणं म्हण की. तर म्हणाली, ‘ते रोज म्हणतेच. मजा सगळी त्या मेल्याच्या वाट्याला येते.’

रेकॉर्डिस्ट : मेल्याच्या?

लेक : प्रेमाने हो.

वादक : मला तर कधी चांगलं म्हणाल्या नाहीत. कार्यक्रम झाला की एवढंच, ‘आज जरा लांबलं हं.’

लेक : तेच तिचं कौतुक. आवडलं नाही तर ती बोलायचीच नाही. घरी आम्ही सगळे ओळखून होतो.

वादक : आणि मी दर वेळी दुसऱ्या दिवशी कमी वाजवायचो.

लेक : मग घरी येऊन चिडायची.

रेकॉर्डिस्ट : धन्य आहेत दोघंही.

लेक : आत अजून एक माइक आहे का?

रेकॉर्डिस्ट : आहे की. तुम्ही गाणार?

लेक : मला कुठलं गाता येतंय. पण ते मधलं तिच्याकडून पाठ झालंय. काका, तुमचं मी गुणगुणते, तिची ओळ तुम्ही घ्या.

वादक : मी पुढे आणि तू मागे?

लेक : तुमच्या डाव्या हाताला.

वादक : ये. हेडफोन घाल. वायरीत पाय अडकवू नकोस.

रेकॉर्डिस्ट : लाल दिवा लावतोय. आता कुणी खोकायचं नाही.

लेक : घ्या काका, तुमच्यासाठी थांबलेय मी.

रेकॉर्डिस्ट : …झालं. घेतलंय सगळं. आता खोका हवं तर.

वादक : कसं झालं गं?

लेक : आज जरा लांबलं हं, काका.