कोपऱ्यातली चिमणी

आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला ती झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे कॉलेजच्या दोन मुली होत्या. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो ज्ञानकोश असतो, त्यात त्या दोघी गावातल्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवर लेख लिहीत होत्या.

"प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात चिमणी आहे. ती पेंटरकाकांची सही, असं लिहिलंय मी."

"पुरावा?"

"अगं, चाळीस पाट्यांवर आहे. आंधळ्यालाही दिसेल."

"चिमणी दिसेल. कुणी काढली ते कुठं दिसतंय? उद्या कुणी ते वाक्य उडवलं, तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

तिला राहवलं नाही. "पेंटरच्या बायकोनं काढल्यात त्या चिमण्या. त्यांचा हात अक्षरांचा. ते चिमणी काढायला गेले की कोंबडी व्हायची."

"तुम्हाला काय माहीत, काकू?"

"मी त्यांची मुलगी."

"सॉरी हं. पण घरच्यांनी सांगितलेलं चालत नाही. आमच्या मॅडमचंही चालत नाही."

"फोटो चालेल?"

तिनं फोनमध्ये उतरवून ठेवलेला जुना फोटो पुढे धरला. शिडीवर आई, एक ब्रश दातांत, एक हातात. समोरच्या पाटीवर अर्धी चिमणी.

"आई गं. हा तर सगळ्यात वर टाकू. फक्त, ज्यानं काढला त्याची परवानगी लागते."

"मीच काढलाय, बारा वर्षांची असताना. दिली परवानगी."

"मग खाली तुमचं नाव येईल."

"माझं बारीक टाक. तिचं ठसठशीत."