सोनेरी कागदातली कुंडी

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याचे संचालक महोदय, परराष्ट्र खात्यातून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या बाई, व्यासपीठावरील मान्यवर, भरारी पथकातील मित्रहो, करार शाखेतील माझे सहकारी आणि शेवटच्या रांगेत चहाची वाट पाहणारे सर्व सुजन,

माझ्या आधी सहाजण बोलले. त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की हा गृहस्थ कोण बुवा, म्हणून मीच वळून पाहिलं. एका गोष्टीचे मात्र विशेष आभार. 'परंतुक' हे माझं टोपणनाव आज प्रथमच सर्वांनी माझ्या तोंडावर घेतलं. मसुदा कुठलाही असो, मी त्याच्या शेपटाला 'परंतु' जोडल्याशिवाय पुढे पाठवत नसे. जिन्यात माझी पावलं वाजली की "आलं परंतुक" अशी कुजबुज व्हायची. मला ती ऐकू यायची. कान शाबूत आहेत.

आता रीतीप्रमाणे माझा कंठ दाटून यायला हवा. क्षमा करा, दाटत नाहीये. थोरली बहीण गेल्यापासून मला फारसं काही वाटेनासं झालंय. दाढ काढण्यापूर्वी डॉक्टर सुई देतात, मग आपलाच गाल चिमटला तरी परका वाटतो, तसं. तेव्हा डोळे कोरडे दिसले तर तो तुमच्या प्रेमाचा अपमान समजू नका.

पाहुण्या बाईंसाठी आमच्या शाखेबद्दल दोन शब्द. आम्ही तिसऱ्या मजल्यावर बसतो आणि जगातल्या देशांनी मिळून केलेले अमली पदार्थांचे करार वाचतो. कोणतं झाड लावू नये, हे आम्हाला तोंडपाठ आहे. ते दिसतं कसं, विचारू नका! धाडी घालणारे पथकवाले वेगळे, आम्ही कागदवाले वेगळे. पथक पकडलेल्या कुंड्या आणतं. मुद्देमालाची खोली केव्हाच भरून गेली, म्हणून त्या मागच्या अंगणात नळापाशी ठेवतात. त्याच नळापाशी माळीबुवा शोभेची रोपं वाढवतात, आणि निवृत्त होणाऱ्याला त्यांतलंच एक द्यायचं, ही आपली जुनी प्रथा. पुरावा वाळला तर कोर्ट रागावतं, म्हणून माळीबुवा सगळ्यांना सारखंच पाणी घालतात. त्यांच्या झारीला कलमं ठाऊक नाहीत.

आता माझ्या शेवटच्या परंतुकाविषयी. ते अध्यक्ष महोदयांच्या टेबलावर आहे, आणि पुढच्या महिन्यातल्या परिषदेत पाहुण्या बाईच आपली बाजू मांडणार आहेत, म्हणून बोलतो. जुना करार झाला तेव्हा समोर होते मोठे व्यापारी आणि त्यांची डोंगरच्या डोंगर व्यापणारी शेतं. त्यांना आवळायला दोर वळला, तो खिडकीतल्या कुंडीलाही बसला. सुक्याबरोबर ओलं जळतं, ते असं. मी एवढंच लिहिलं होतं: परंतु, एखाद्या सज्ञान माणसाने स्वतःपुरती, विक्रीसाठी नव्हे, घरात मोजकी झाडं लावली, तर त्याला गुन्हेगार न ठरवण्याची मुभा प्रत्येक देशाला असावी. सक्ती नाही, नुसती मुभा.

अध्यक्ष महोदय ते वाचून म्हणाले होते, "अहो, हा चंचुप्रवेश आहे. आज कुंडी, उद्या गच्ची, परवा गोदाम." त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. मी स्वतः ही शंका टिपणात मांडली आहे. पण कुंडीला बंदी घातल्याने गोदाम बंद पडलं का? कुंडीवाला तेवढा कोपऱ्यावरच्या टोळक्याकडे गेला. टोळक्याला आणखी काय हवं होतं?

माझी ताई गेली नव्हती कोपऱ्यावर. हाडांच्या कॅन्सरने तिला अंथरुणाला खिळवलं होतं. औषधांनी गुंगी यायची, दुखणं तसंच. कुणीतरी गांजाचं बी आणून दिलं आणि तिने ते आमच्या घरी, तिच्या खोलीच्या खिडकीत, एक मूठ मोडलेल्या जुन्या प्रेशर कुकरमध्ये लावलं. मी हादरलोच.

"ताई, मी कुठल्या खात्यात आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे की. म्हणून तर तुला विचारते, पाणी किती घालायचं?"

"मला काय माहीत!"

"जन्मभर त्याच्यावर लिहितोस आणि एवढंही माहीत नाही? तुझ्या त्या करारावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणाची हाडं दुखत होती का रे?"

शेजाऱ्यांनी तक्रार केली. आपलंच पथक गेलं. इथे बसलेल्या इन्स्पेक्टरांनी बूट बाहेर काढले होते आणि तिला पाणीही आणून दिलं होतं, हे मी विसरलो नाही. त्यांनी कायदा पाळला. कुकर उचलून नेला. जामीन झाला, तारखा पडू लागल्या. ताई म्हणाली, "तू घाल तुझं परंतुक. तोवर मी थांबते." पुढे ती रात्रंदिवस कण्हायची. सुनावणीच्या आधीच गेली. आरोपी मयत, म्हणून खटला बंद. अंत्यविधीला तुम्हीच मला रजा दिलीत, सगळे आलातही. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

हे सगळं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. खिशात वेगळं भाषण आहे, त्यात अंगणातल्या चिमण्या वगैरे आहेत. पण मघाशी अध्यक्ष महोदयांनी प्रथेप्रमाणे ही कुंडी माझ्या हातात दिली, आपण टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. आमच्या सत्कार समितीच्या कार्यवाहांनी सर्वांत टवटवीत रोप निवडून सोनेरी कागदात गुंडाळलं. ते करार शाखेचे आहेत, त्यांचा काही दोष नाही. कुंडी जड वाटली, म्हणून मी खालून हात घातला. हाताला एक मूठ लागली. दुसऱ्या बाजूला मूठ नव्हती.

बसा, बसा. इन्स्पेक्टरसाहेब, तुम्ही पहिल्याच रांगेतून ओळखलंत, तुमचा चेहरा मी तेव्हाच पाहिला. कुणाला दोष देऊ नका. माळीबुवांनी छान छाटून ठेवलंय. ताईने पाहिलं असतं, तर मला न विचारता त्यांनाच विचारलं असतं.

अध्यक्ष महोदय, आपल्या कायद्याने पाहिलं, तर देणारे आपण आणि घेणारा मी, दोघेही या क्षणी गुन्हेगार आहोत. आपल्याला मी अडचणीत आणणार नाही. पण हे परतही करणार नाही. मी हे घरी नेऊन तिच्या खिडकीत ठेवणार आहे. आजवर मसुद्यात 'एखादा माणूस' असं लिहीत आलो. आजपासून तो माणूस मी आहे. माझा पत्ता खात्याला माहीत आहे. तिकडे पथक पाठवायचं, की परिषदेत परंतुक पाठवायचं, हे आपण आणि पाहुण्या बाईंनी ठरवावं. मी घरीच असेन.

आपण मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर ते पोटात घाला. आता चहा घ्या, गार होतोय. आणि जाता जाता कुणीतरी मला दार उघडून द्या. माझे दोन्ही हात गुंतले आहेत.

नमस्कार.