दाद न देणारे अकरा नमुने

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे आमचे संचालक साहेब, आरोग्य खात्याच्या पाहुण्या मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या मंडळींनो,

आत्ता वाचलेल्या मानपत्रात मला 'शांत आणि सोशिक' म्हटलंय. कोणी लिहिलंय देव जाणे, पण त्याने माझ्याबरोबर एक दिवसही काम केलेलं नाही.

एकतीस वर्षं मी एकच काम केलं. फ्लूच्या रुग्णांच्या नाका-घशातले नमुने आले की त्यातला विषाणू वाढवायचा आणि तो औषधाला दाद देतो का ते पाहायचं. आमचे हे म्हणतात, "घरी ही कुणाला दाद देत नाही, म्हणून तिथे बरोबर रमली."

यंदा अकरा नमुने दाद देईनात. आता आपल्याकडे एक जुनी रीत आहे. फॉर्मवर प्रश्न असतो, रुग्णाने हे औषध आधी घेतलं होतं का? डॉक्टर घाईत तो रकाना रिकामा सोडतात आणि आपण खुशाल 'हो' धरतो. औषध चालू असताना त्या एकाच्या अंगातला विषाणू निर्ढावला, विषय संपला. पण औषधाचं तोंडही न पाहिलेल्या माणसात तो सापडला तर? तर तो माणसामाणसांत पसरतोय. त्या 'हो'वर मीही वर्षानुवर्षं सही ठोकली, हे आज सगळ्यांसमोर कबूल करते.

या वेळी मात्र फोन घेऊन बसले. अकरापैकी नऊ जणांनी नमुन्याआधी एकही गोळी घेतलेली नव्हती. नऊही जण एकाच वृद्धाश्रमातले. त्यातल्या एका आजींची लेक मला म्हणाली, "ताई, नमुना दिल्या दिल्या गोळी सुरू केली होती हो. मग आई का गेली?" त्या विषाणूवर ती गोळी चालणारच नव्हती. तिथे कालपर्यंत आजारी पडेल त्याला तीच गोळी मिळत होती.

साहेब म्हणाले, "बाई, लोक घाबरतील. पुढच्या महिन्यात बघू. तुम्ही आता आराम करा." पुढच्या महिन्यात कोण बघणार? माझी जागा भरायची नाही असं ठरलंय, हे या सभागृहात कुणाला ठाऊक नाही?

साहेब, राग मानू नका. मानलात तरी माझं आता काय होणार आहे म्हणा. नियमाने मी आज सहा वाजेपर्यंत नोकरीत आहे. मघाशी मॅडमनी मला फुलं दिली, मी त्यांना लिफाफा दिला. त्यात माझ्या सहीचा अहवाल आहे, दुसरी प्रत तुमच्या टेबलावर आहे. वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांना तो मी सकाळीच फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, आजपासून दुसरं औषध देतो.

एवढी वर्षं मला सहन केलंत, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. अहवालात झालेलं नाही, तो मी दोनदा तपासलाय.