दयानंदअण्णांच्या मनगटाबाबत

नाव: श्रीविद्या त्रिविक्रम राव. वय: ४१ वर्षे. व्यवसाय: शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. राहणार: के. आर. पुरम, बेंगळुरू.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती, माझी आई आणि धाकटा भाऊ विराट असे एकत्र राहतो. मला कन्नड चांगले येते. तरी हवालदारसाहेब निपाणीचे आहेत म्हणून मी मराठीत लिहून घ्या म्हटले. कन्नडमध्ये मी फार सभ्य बोलते आणि आज मला सभ्य बोलायचे नाही.

दयानंद हे आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचे उजवे मनगट मोडले आहे. तक्रार त्यांच्या पत्नीने दिली. अण्णांनी स्वतः कोणाचेही नाव घेतलेले नाही. विद्या सांगेल ते लिहा, एवढेच ते म्हणाले, असे मला इथे आल्यावर कळले.

घरून निघताना आईने बजावले, "पाय घसरून पडला असं सांग. होसकोट्याच्या माणसांचा होकार यायचाय अजून. पोराचं जमतंय ते मोडू नकोस." होसकोट्याची माणसे म्हणजे विराटसाठी बघितलेल्या मुलीचे आईवडील. पतीही म्हणाले, "विद्या, जाऊ दे ना." त्यांचे सगळे आयुष्य 'जाऊ दे'मध्येच गेले आहे. हे लिहू नका म्हणेपर्यंत हवालदारांनी लिहून टाकले. राहू दे.

दसऱ्याआधी विराटने हौसेने अण्णांकडून आमच्या गाडीला मोठा हॉर्न, धुक्यात लावायचे दिवे आणि मागचे दिसायचा कॅमेरा बसवून घेतला. सगळे ठीक चालले होते. खंडेनवमीच्या आयुधपूजेनंतर मात्र गाडीला काय झाले कळेना. डावा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजे. वायपर मनाला येईल तेव्हा सुरू होत, चावी काढली तरी थांबत नसत. सिग्नलला उभी असताना हॉर्न बोंबलायला लागला, तेव्हा पुढच्या रिक्षावाल्याने खाली उतरून माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. अण्णांनीच काम बिघडवले, असे विराटने ठरवून टाकले.

रविवारी सकाळी अण्णा मीटर घेऊन घरी आले. त्याच दिवशी विराटला मुलगी बघायला होसकोट्याला जायचे होते आणि आपल्याच गाडीने जायचा त्याचा हट्ट होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो अण्णांच्या डोक्यावर उभा राहिला. "आधी तुमचं सामान काढा," म्हणाला. मग घडीघडीला "आयता अण्णा? झालं?" अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब की रे." त्यांनी हॉर्न सोडवला. बिघाड तसाच. दिवे सोडवले. तसाच. कॅमेरा सुटा करून माझ्या हातात दिला. वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरतच होते. माझे डोके उठले होते, मीही त्यांना दोनदा घाई केली.

अण्णा म्हणाले, "मी बसवलेलं सगळं आता बाहेर आहे. दोष त्यात नाही. गाडीचा मूळ फ्यूज बॉक्स उघडून बघतो." विराट म्हणाला, "स्वतःचं पाप गाडीवर ढकलतोस?" त्या क्षणापर्यंत तो त्यांना अहोजाहो करत होता. अण्णांनी झाकणाला हात घातला. विराटने खाली पडलेला चाकाचा पाना उचलून त्यांच्या मनगटावर मारला. अण्णा घसरले नाहीत. जमीन कोरडी होती. "अय्यो" एवढेच म्हणाले आणि हात पोटाशी धरून खाली बसले.

पतींनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. विराटने शर्ट बदलला, भाड्याची गाडी बोलावली आणि आईला घेऊन होसकोट्याला गेला. मी गेले नाही. मला लाज वाटत होती आणि संताप आला होता. वायपर चालूच होते. शेवटी मीच त्या बॉक्सचे झाकण ओढून काढले.

आत हळदकुंकू वाळून बसले होते. झेंडूची एक पाकळी होती. फ्यूजच्या खाचांत हिरवा थर चढला होता. तांबे गंजले की असा चढतो, शाळेत मी तो नेहमी बघते. आयुधपूजेला आम्ही बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावतो, सगळे बेंगळुरू लावते. यंदा विराटने फ्यूज बॉक्सही उघडला होता. "अक्का, गाडीचा जीव इथे असतो," म्हणाला आणि फोडलेल्या नारळाचे पाणी भक्तिभावाने आत शिंपडले. आम्ही सगळ्यांनी हात जोडले होते. मी वायपरचा फ्यूज उपटला, तेव्हा कुठे ते थांबले.

संध्याकाळी विराट परत आल्यावर मी त्याला बॉक्स दाखवला. त्याने वाकून आत बघितले. मग म्हणाला, "झाकण लावून टाक, अक्का."

सोमवारी मी दवाखान्यात गेले. अण्णांच्या हाताला प्लास्टर होते. बोटांची पकड पूर्वीसारखी येईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. अण्णांनी मला विचारले, "वायपर थांबले का ग?" मी हो म्हटले.

आमचे वडील वारले तेव्हा विराट शाळेत होता. त्याला मी वाढवले आहे. त्याचे लग्न व्हावे असे माझ्याइतके कोणालाच वाटत नसेल. आज तोच मला स्कूटरवरून ठाण्यात घेऊन आला. वाटेत त्याला होसकोट्याहून होकाराचा फोन आला. त्याने स्कूटर कडेला घेतली आणि भर रस्त्यात मला मिठी मारली. तो आता बाहेर बाकावर बसला आहे.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. विराटच्या नावाशी ते थांबले. "अक्का, अजून बदलता येईल," म्हणाले. मी म्हटले, पुढे वाचा. मी सांगितले तसेच लिहिले आहे आणि ते खरे आहे.

सही: श्रीविद्या त्रिविक्रम राव