आवाज येतात का?

पालघरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी दातिवऱ्याच्या मासळीवाल्या रंभाबाई आणि नुकत्याच गोळ्या सुरू झालेली बोईसरची कीर्ती.

"मावशी, गोळीनं दिवसभर झोप येते."

"माजं बी तसंच झालं. मी बाजारात पेंगतेय, नि मांजर पुढ्यातला बोंबील घेऊन गेलं."

"मग सोडली गोळी?"

"नाय गो. डॉक्टरना सांगितलं. त्यांनी डोस कमी केला."

"आणि आता?"

"पयले डोक्यात मानसं बोलायची, नि मी गप. आता ती गप हायेत. काल बाजारात अशी वरडले, दहाच्या आत टोपली रिकामी."

रंभाबाईंचा नंबर आला. दार उघडंच राहिलं.

"रंभाबाई, आवाज येतात का अजून?"

"एकच येतो, डॉक्टर. माजा."