पिलू कधी आणायचं

दुसरं कुत्रं इतक्या लवकर काहून आणलं, असं तुमी विचारता, म्हणून सांगते. आमच्या शेळ्या राखायला मोत्या हाय. आता म्हातारा झालाय, मागचे पाय थरथरतात, एखाद्या दिवशी रानात न जाता घरीच राहतो. सासरे रोज म्हणायचे, "मोत्या हाय तवरच पिलू आणू. त्याच्या मागं फिरूनच ते शिकंल. तो गेल्यावर काय मी भुंकून शिकवू?"

मी अडून बसले. माझी पोरगी नऊ महिन्यांची, रांगती. पिलाचे दात म्हणजे सुया. म्हणलं, "मामा, लेकरू चालायला लागू द्या, मग आणा."

"बरं बाई," म्हणायचे आन् शेळ्या सोडायला जायचे.

एक दिवस मी भाकर टाकून मागं पाहिलं, तर पोरगी न्हाई. धावत बाहेर आले. ती फाटकातून रस्त्याकडं निघालेली, तिकडून ट्रॅक्टर येऊन राहिला होता, आन् मोत्या तिच्यापुढं आडवा उभा. करडू कळपातून निघालं की तो असाच आडवा होतो. ती डावीकडं सरकली की तो डावीकडं, उजवीकडं सरकली की उजवीकडं. तिला दात लावला न्हाई. मी तिला उचललं, तसा तो तिथंच मटकन बसला. पुन्हा उठायला त्याला लई वेळ लागला.

संध्याकाळी सासरे शेळ्या घेऊन आले, तर म्हणलं, "मामा, पिलू उद्याच आणा."

"लेकरू चालायला लागू द्या, म्हणत होतीस ना?"

"व्हय. आता चालायला लागंल, म्हणूनच."