आनंदाबाई सिस्टरची न दिसणारी कसरत

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, म्हणजे आपले सरपंच आणि माझे घरधनी वासुदेवराव, मंचावरचे डॉक्टरसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या आनंदाबाई सिस्टर, आणि समोर बसलेल्या सानगडीच्या मायबहिणींनो! मी रुखमिणी. भाषण मले येत नाही. पण अध्यक्षायले घरी रोज ऐकवतो, त्याच सवयीवर उभी आहो.

सिस्टरले गाव सुईवाली बाई म्हणते. मले त्यायनं सुई लावलीच नाही, तरी बरं केलं. कसं? सांगतो. 

तिसऱ्या बाळंतपणानंतर खोकललं का माझी लघवी सुटे, हासलं का सुटे. डॉक्टरसाहेब, खाली काहून पाहून राहिले? धानाच्या रोवण्यात कोणाले समजे नाही, चिखलात साऱ्यायचंच लुगडं ओलं. पण यष्टीत काय करता? माझी तृप्ती नागपूरले बाळंत झाली, तरी मी गेली नाही. पोरगी फोनवर रडली. अध्यक्ष समजले, मी जावयावर रुसली!

मग एक दिवस आरोग्य केंद्रात सिस्टरनं विचारलं, "रुखमिणी, ओठ सुकले तुये. पाणी काहून नाही पीत वं?" मले रडूच आलं. लघवीच्या भेवानं पाणी सोडलं, ते सारं सांगून टाकलं. वाटलं, आता ऑपरेशन सांगतात. त्या म्हणाल्या, "पहिले हे कर. लघवी रोकताना जे आवळते, ते आवळ. पाच मोज, सोड. दहा खेप, दिवसातून तीनदा. पाणी पी, चहा कमी कर."

पहिला हप्ता मी श्वास रोकून, गाल फुगवून करू. अध्यक्षायले वाटलं, भाजीले नाव ठेवलं म्हणून फुगली. हप्ताभर बिचारे मुकाट्यानं जेवले! सिस्टर म्हणाल्या, "श्वास चालू ठेव बाई! खालचं आवळाचं, तोंड नाही."

तीन महिन्यात फरक पडला. सारंच गेलं नाही, खोटं कायले बोलू? पण नातीच्या वाढदिवसाले यष्टीनं नागपूर गाठलं. तृप्तीले सारं सांगितलं. पोरगी खाली मान घालून म्हणते, "माय, बाळंतपणापासून मलेही होते वं. कोणाले सांगू?" मंग केक राहिला बाजूले, आम्ही मायलेकी दिवाणावर बसून पाच मोजत होतो.

सिस्टर, तुमचे उपकार मानाले शब्द पुरत नाहीत. आभार. सभेत बोलू नये ते बोलली, मोठ्यायनं पोटात घालावं. अध्यक्षायची माफी घरी पाहू. आणि तुमच्या जागेवर जी नवीन सिस्टर येईन, तिले एक सांगून जाजा. बाया सोताहून सांगत नाहीत, विचारा लागते. मले कोणी आधी विचारलं असतं, तर तृप्तीच्या बाळंतपणात मी तिच्यापाशी असती.